परतीचा कागद

"जायला तुम्हाला कोणीच अडवणार नाही," खिडकीतली बाई म्हणाली. "प्रश्न परत यायचा आहे."

धाकटी सकाळी सातपासून परदेशी रहिवाशांच्या कचेरीत रांगेत उभी होती आणि तिचा नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिनं काचेला जवळजवळ नाक लावलं. "अकरा वर्षं झाली मला इथं. नवरा इथं, मुलगी इथं, नोकरी इथं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझं नाव असेलच ना?"

"आहे की. दिसतंय मला. पण विमानवाल्यांना माझा कॉम्प्युटर दिसत नाही. त्यांना कायम रहिवासाचं कार्ड हातात लागतं. ते नसेल तर तिकडून विमानात चढूच देणार नाहीत. आणि तुमचं नवीन कार्ड यायला अजून तेरा आठवडे आहेत."

"माझी बहीण शेवटच्या घटका मोजतेय हो."

बाई काही दुष्ट नव्हती. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग जा. तिथं आमची वकिलात आहे. तिथं परतीचा कागद मिळतो, एका खेपेपुरता. दहा-पंधरा दिवस लागतात. फक्त एक सांगते." तिनं स्क्रीनवर बोट ठेवून काहीतरी मोजलं. "मागे वडिलांच्या आजारपणात तुम्ही बरेच महिने बाहेर होता. पाच वर्षांत बाहेर राहायला जेवढे दिवस मिळतात, त्यातले तुमचे एकतीस उरलेत. बत्तिसाव्या दिवशी आलात तर रहिवास टिकेलच, असं मी सांगू शकत नाही. पुढचा नंबर."

बाहेर येऊन ती पायरीवर बसली.

तीन भावंडांत ती शेवटची, म्हणून घरात सगळे तिला धाकटी म्हणत. चाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. काम तिचं दातांच्या लॅबमध्ये. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाची मापं यायची, आणि त्यावरून ती कवळ्या करायची. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात. अनोळखी माणसाच्या जबड्यावरून तो कसा हसत असेल हे तिला कळायचं, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस नीटनेटका, घरातल्या पान्यांनासुद्धा नंबर घातलेले. आणि नेमकं त्याच्याच हातून ते झालं. महिन्याभरापूर्वी त्यांनी घर बदललं, तेव्हा रिकामी खोकी रद्दीच्या गाडीत टाकताना त्यानं एक भरलेलं खोकंही टाकलं. त्यात धाकटीची फाईल होती. कार्ड पर्समधून कुठे पडेल म्हणून तिनं ते मुद्दाम फाईलीत जपून ठेवलेलं. पासपोर्ट पर्समध्ये होता, तो वाचला. दुसऱ्या दिवशी नवरा रद्दीच्या डेपोत जाऊन तीन तास ढिगारे उपसत बसला आणि कोपरापर्यंत काळे हात घेऊन परत आला. त्याचा चेहरा बघून धाकटी त्याला एक शब्दही बोलली नाही. "नवीन कार्डाचा फॉर्म मी भरतो," तो म्हणाला, "तू नुसती सही कर." तिनं सही केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला. "ताईला अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. ताई अठरा. ताईनं लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि या दोघांना वाढवलं. धाकटीच्या तोंडात पहिला घास कोणी घातला ते तिला माहीत नव्हतं, पण आठवत होता तेव्हापासूनचा प्रत्येक घास ताईच्या हातचा होता.

"जाऊ नकोस," कचेरीतून परतल्यावर त्या संध्याकाळी नवरा म्हणाला. "अडकलीस तर? मिठूचं काय?"

मिठू त्यांची मुलगी. नऊ वर्षांची, आणि अखंड बडबड, म्हणून मिठू.

"ताईला काय सांगू? कार्ड नाही म्हणून आले नाही?"

धाकटीनं बॅग भरायला घेतली. मिठू दारात उभी राहून विचारत होती, आत्या आजारी आहे की मावशी, मावशी म्हणजे कोण, ती फोनवर पाढे विचारते ती का, तू कधी येणार. धाकटी म्हणाली, "आठ दिवसांत."

*

ताई मेली नाही.

धाकटी विमानतळावरून थेट हॉस्पिटलात गेली ती मनाची सगळी तयारी करून. तर ताई उशाला टेकून बसलेली, डाव्या हातानं चादरीचं टोक तोंडावर धरलेलं, आणि डोळे टकटकीत उघडे. धाकटीला पाहिल्यावर त्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंडावरची चादर काही हलेना.

"बोलत नाहीत," वहिनी म्हणाली. "झटक्यानं वाचा थोडी जड झालीय, पण डॉक्टर म्हणतात बोलता येईल. याच बोलत नाहीत. पहिल्याच दिवशी इथं कुणीतरी यांची कवळी कागदात गुंडाळून जेवणाच्या ताटाबरोबर टाकून दिली. तेव्हापासून तोंड उघडायला तयार नाहीत. नुसतं पातळ घेतात, तेही भिंतीकडे वळून."

धाकटीनं चादर हळूच बाजूला केली. ओठ आत गेलेले, उजवा कोपरा ओघळलेला. ताई एवढी म्हातारी कधी झाली? तिनं ताईचा हात धरला आणि ताईनं तो असा आवळला की बोटं दुखली.

चौथ्या दिवशी ताईला घरी आणलं. पाचव्या दिवशी धाकटी वकिलातीत गेली.

दोन बस बदलून जावं लागे. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकाशी पहारेकरी, आत एक लांबट खोली आणि तिच्यात जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. खिडकीतला कारकून तरुण होता, कपाळावर केस आलेला, अदबशीर. त्यानं फोटो घेतले, पासपोर्टची प्रत घेतली, पगाराचे कागद घेतले, जुन्या कार्डाचा धाकटीच्या फोनमधला फोटो बघून मान डोलावली. "इथल्या पोलिसांचा दाखला नको. तिकडे हरवलं ना? तिकडच्या पोलिसांचा लागेल."

नवऱ्यानं तो दुसऱ्याच दिवशी काढून पाठवला. धाकटीला हायसं वाटलं. पाच न् दहा, पंधरा. पंधराव्या दिवशी कागद, सोळाव्या दिवशी विमान. तिनं मिठूला फोनवर सांगितलं, "आठ नाही गं जमत, पण सोळा नक्की."

"म्हणजे डबल," मिठू म्हणाली. "बरं."

तेराव्या दिवशी वकिलातीतून फोन आला. या आणि भेटा.

कारकुनानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा तुम्ही तिकडे नवीन कार्डासाठी दिलेला अर्ज. यात लिहिलंय, कार्ड चोरीला गेलं. आणि हा पोलिसांचा दाखला. यात आहे, घर बदलताना गहाळ झालं. यातलं खरं कुठलं?"

धाकटी अर्ज बघत राहिली. अक्षर नवऱ्याचं. खाली सही तिची.

"चोरी नाही," ती कशीबशी म्हणाली. "चुकून लिहिलं असेल."

"चुकून चोरी लिहीत नाही कोणी." त्याचा आवाज अजूनही अदबशीरच होता. "बाई, ही कार्डं विकली जातात. म्हणून आम्हाला विचारावं लागतं. ज्यानं अर्ज भरला त्याचं शपथपत्र लागेल, आणि मग तिकडून चौकशी होऊन उत्तर यायला हवं. तोपर्यंत मी काही देऊ शकत नाही."

"किती दिवस?"

त्यानं खांदे उडवले.

रस्त्यावर येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. पलीकडे त्याच्या कामाचा खडखडाट ऐकू येत होता.

"तू अर्जात चोरी म्हणून लिहिलंस?"

खडखडाट थांबला. "हो."

"का?"

"मला वाटलं, चोरी म्हटलं की लवकर देतील."

"खरं सांग."

मग तो म्हणाला, "माझ्या बेपर्वाईनं गेलं, असं मला लिहवेना. फॉर्ममध्ये ओळच होती, कार्ड कसं गेलं ते सविस्तर लिहा. काय लिहू? बायकोचं अकरा वर्षांचं सगळं मी रद्दीत टाकलं?"

"मग खोटं लिहून माझी सही घेतलीस!" ती एवढ्यानं ओरडली की फाटकावरचा पहारेकरी वळला. "मी इथं अडकलेय! कळतंय का तुला? पोरगी तिकडे आणि मी इथं, आणि हे लोक मला चोरांच्या टोळीतली समजतायत!"

"मी आत्ता जातो. शपथपत्र करतो. कामावरून आत्ता निघतो."

"जा," ती म्हणाली आणि फोन बंद केला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, पैशाला कधी नाही म्हटलं नव्हतं. मारलं असतं तरी परवडलं असतं, असं तिला वाटून गेलं, आणि मग स्वतःच्याच विचाराची लाज वाटली.

त्यानं शपथपत्र पाठवलं. "माझ्या हातून, माझ्या निष्काळजीपणामुळे, आणि ते लपवण्यासाठी मी खोटं लिहिलं." खाली सही. धाकटीनं ते एकदाच वाचलं आणि खिडकीत सरकवलं.

मग सुरू झालं वाट बघणं. ती रोज जायची. कारकून तिला लांबूनच बघून मान हलवायचा. पुढे पुढे त्यानं तिच्याकडे बघायचंच सोडलं. तिकडे तिच्या लॅबच्या मालकिणीनं आधी "काळजी घे" असा निरोप पाठवला, आणि विसाव्या दिवशी, "तुझ्या जागी तात्पुरतं कोणी घेतलं तर राग मानू नकोस." मिठू फोनवर येईनाशी झाली. आधी म्हणायची अभ्यास आहे, मग नवराच सांगायला लागला, "झोपलीय," आणि मागून टीव्हीचा आवाज यायचा.

घरी दादा दिवसभर कामावर. वहिनी तोंडानं फटकळ, पण ताईची कूस बदलण्यापासून सगळं तीच करायची. बाविसाव्या दिवशी कणीक मळता मळता तिनं विचारलंच. "वन्सं, रागावू नका. शेजारी विचारतात म्हणून विचारते. तिकडे सगळं ठीक आहे ना? म्हणजे त्यांनी तुम्हाला पाठवून तर नाही ना दिलं?"

"कार्ड हरवलंय हो वहिनी. नुसतं कार्ड!"

"बरं बाई," वहिनी म्हणाली, पण तिचा काही विश्वास बसला नाही. एका कार्डापायी माणूस महिनाभर अडकतं हे तिच्या गळी उतरणार तरी कसं? धाकटीला स्वतःलाच ते उतरत नव्हतं.

त्याच दिवशी धाकटी उठून बाहेर पडली. घरात बसून डोकं फुटायची वेळ आली होती. वकिलातीच्या मागच्या गल्लीत दातांच्या लॅबची पाटी तिनं येता-जाता पाहिली होती. आत शिरली. प्लास्टरचा आणि तापल्या मेणाचा वास आला आणि कितीतरी दिवसांनी तिला छातीभर श्वास घेता आला.

लॅबचे मालक म्हातारे काका होते, मिशीला प्लास्टर लागलेलं. तिनं सगळं सांगितलं, ताईच्या कवळीचंही. काका ऐकत ऐकत एका कवळीला पॉलिश करत राहिले. मग म्हणाले, "माप कोण घेणार?"

"तुमच्या ओळखीचे डॉक्टर घरी येतील का?"

"येईल. माझा जावईच आहे, न येऊन सांगतो कोणाला?" त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. "तिथं बसा. वाट बघायची ती इथं बसून बघा. काही काम आलं तर हात लावा."

जावई डॉक्टर घरी आला. ताईनं तोंड उघडायला साफ नकार दिला. धाकटी तिच्या पायाशी बसली. "ताई, लहानपणी माझे दात किडले होते तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस? तोंड उघड, नाहीतर दोन धपाटे घालीन. आठवतं? मी तर तुला धपाटेसुद्धा घालू शकत नाही." ताईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. आणि तोंड उघडलं.

हे सोपं काम नव्हतं. उजव्या बाजूला जीव नाही, गाल आत येतो, जीभ कवळीला ढकलते. धाकटीनं मेणाच्या पट्ट्या तीनदा मोडून परत केल्या. उजवीकडचे दात किंचित आत घेतले, खालचा काठ जाड ठेवला, म्हणजे गाल त्यावर टेकेल. काका बाजूनं बघून हुंकार द्यायचे. त्या टेबलाशी बसली असेपर्यंत तिला पुढचं काही दिसायचं नाही. हात थांबले की ती उरलेले दिवस मोजायला लागायची.

आणि मग एकतिसावा दिवस आला.

ती सकाळी फाटक उघडायच्या आधीच तिथं होती. कारकून खिडकीशी आला, तिला बघून क्षणभर थांबला आणि म्हणाला, "उत्तर नाही आलं."

"आजचा शेवटचा दिवस आहे. माझे दिवस आज संपतात. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आत्ता दिलात तर संध्याकाळचं विमान आहे. मी जागा बघून ठेवलीय. मी तुमच्या पाया पडते, पण आत्ता..." ती खरंच वाकली. काचेच्या अलीकडून, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांसमोर, चाळीस माणसांच्या देखत ती त्या पोरसवदा माणसापुढे वाकली.

"बाई, असं करू नका," तो घाबरून म्हणाला. "माझ्या हातात असतं तर पहिल्याच दिवशी दिला असता."

ती दुपारी दोनला खिडकी बंद होईपर्यंत बसली. मग फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसली. संध्याकाळचं विमान निघायची वेळ झाली, आणि झाली तशी गेलीही. तेव्हा तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तो आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. भररस्त्यात ती धाय मोकलून रडली. लोक वळसा घालून जात होते. पहारेकऱ्यानं तिला पाण्याची बाटली आणून दिली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, इतरांना ती दिसू नये म्हणून.

घरी जायला तोंड नव्हतं. ती गल्लीतल्या लॅबमध्ये गेली. काकांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ताईची कवळी साच्यातून काढून तिच्यासमोर ठेवली. "कडा घासायच्या राहिल्यात."

तिनं घासल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळी ताईच्या तोंडात बसली. धाकटीनं निळा कागद दातांत धरायला लावून टोचणाऱ्या जागा पाहिल्या, कवळी दोन ठिकाणी तासली, परत बसवली. मग वहिनीकडून आरसा मागून घेतला आणि समोर धरला.

ताई आरशात बघत राहिली. डाव्या हातानं गाल चाचपला. आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलली. आवाज जड होता, शब्द एकमेकांवर घसरत होते, पण कळत होतं.

"माझे दात हरवले. तुझं कार्ड हरवलं." ती दम घ्यायला थांबली. "दादाला सांग, घर नीट धरून ठेव म्हणावं."

दादा दारात उभा होता. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला, आणि वहिनी हसत हसत डोळे पुसायला लागली. ताईनं मऊ भात चमच्यानं नाही, डाव्या हातानं खाल्ला. अर्धा सांडला.

दुपारी दोघीच असताना ताईनं विचारलं, "मुदत गेली ना?"

"काल गेली."

"माझ्यापायी."

"नाही गं ताई."

"गणित मला शिकवू नकोस." ताईनं डोळे मिटले. "आता मी मेले तरी येऊ नकोस. ऐकतेस? फोनवर सांगितलं तरी येऊ नकोस. पोरीजवळ राहा."

धाकटीनं तिच्या पोटावर डोकं ठेवलं. "बरं," असं तिला म्हणायचं होतं. ते तिच्याच्यानं म्हणवलं नाही.

चौतिसाव्या दिवशी कागद आला. कारकुनानं तो खिडकीतून दिला तेव्हा त्याचेच डोळे भरून आले होते. "चौकशीत काही निघालं नाही," तो म्हणाला. "पण उशीर झालाय हे त्यांच्यापासून लपवू नका. विचारतील ते खरं सांगा."

*

विमानतळावरच्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. त्यानं तिला रांगेतून बाजूला काढून एका खोलीत बसवलं, दोन तासांनी आला, नाक पुसलं आणि समोर कागद पसरले.

"चार दिवस उशीर."

"हो."

"तुम्ही बहिणीला बघायला गेला होता. ती वारली?"

"नाही. जिवंत आहे."

"मग एवढे दिवस का राहिलात?"

"तुमच्या कागदाची वाट बघत होते," धाकटी म्हणाली.

अधिकाऱ्यानं वर पाहिलं. तिनं टोमणा मारला नव्हता, तिच्यात तेवढा जीवच उरला नव्हता. त्यानं फाईल परत चाळली, तारखा बोटानं मोजल्या, नवऱ्याचं शपथपत्र वाचलं. मग खिडकीपाशी जाऊन कोणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलला. धाकटी आपल्या हातांकडे बघत राहिली. नखांच्या कडांना अजून प्लास्टर होतं.

"तुम्हाला आत सोडतोय," तो परत येऊन म्हणाला. "पण रहिवासाचा निर्णय मी देऊ शकत नाही. पाच महिन्यांनी सुनावणी होईल. कदाचित टिकेल. कदाचित नाही. तोपर्यंत राहा, काम करा. मात्र देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. कोणत्याही कारणासाठी नाही. टाकलंत तर केस तिथंच संपली. इथं सही करा."

तिच्या डोळ्यांपुढे ताईचा डावा हात आला, भात चाचपणारा. तिनं सही केली.

बाहेर कठड्यापलीकडे नवरा उभा होता. पस्तीस दिवसांत गालफडं बसली होती त्याची. तो पुढे आला आणि तिची बॅग घेतली. ती त्याला जवळ घेऊ शकली नाही आणि बाजूलाही करू शकली नाही. "चल," एवढंच म्हणाली.

मिठू त्याच्या मागे होती. धाकटी खाली वाकली, हात पसरले, पण मिठू जागची हलली नाही. बुटाच्या टोकानं फरशीवरची रेघ घासत राहिली. गाडीपर्यंत ती बापाचा हात धरून चालली. मागच्या सीटवर दाराला चिकटून बसली आणि धाकटीच्या नि आपल्या मध्ये दप्तर ठेवलं.

गाडी बाहेरच्या रस्त्याला लागली. सकाळ होती, कामावर जाणाऱ्यांची गर्दी.

"आता परत जाणार का?" मिठूनं खिडकीकडे बघत विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "आता मला कुठेच जाता येणार नाही. त्यांनी तसं लिहून घेतलंय."

"काहीही झालं तरी?"

"काहीही झालं तरी."

मिठूनं वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं मधलं दप्तर पायाशी ढकललं, सरकत सरकत जवळ आली, आणि एकदम बोलायला लागली, शाळेतलं, शेजारच्या मांजरीचं, बाबांनी दोनदा करपवलेल्या भाताचं, थांबेचना. धाकटी एका हातानं तिला घट्ट धरून "हो का, मग?" असं म्हणत राहिली, आणि तोंड दुसरीकडे वळवून बसली.